पाणी किती फूट, गटार किती मीटर

जुलै लागला की कोल्हापुरात माणूस माणसाला ‘बरं हाय का’ विचारायच्या आधी ‘किती फूट?’ विचारतो. कशाचं, कुठलं, हे सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. हे दोन आकडे आमच्याकडं शाळेचं तोंड न बघितलेल्या म्हातारीलाही पाठ असतात. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, गगनबावड्यात रात्रीत किती पडला, कुठल्या बंधाऱ्यावर पाणी आलं, कुठला रस्ता बंद झाला, सगळं मोबाइलवर येतं. माणसं ते वाचतात, पुढं पाठवतात, आणि कुणी कालचा आकडा आजचा म्हणून टाकला तर त्याला लगेच टोकतात. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून तर ही सवय अंगातच मुरली आहे.

मला ही सवय फार मोलाची वाटते. एकच आकडा, रोज, न चुकता, सगळ्या गावानं बघायचा. कुणी शिकवलं नाही, कुणी शिबिर घेतलं नाही. आम्ही काहीजणी गेली दीड-पावणेदोन वर्षं हेच एका गटारासाठी करतोय. त्याची हकिकत लिहायची बरेच दिवस मनात होतं.

माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, शहराला चिकटून असलेल्या एका गावात, केएमटीच्या स्टॉपसमोर. गाव करवीर तालुक्यातलं, एवढंच सांगते. नाव घालत नाही, कारण मला कुणाची बदनामी करायची नाही, गटार पुरं करून घ्यायचं आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, पीकविमा, जे ऑनलाइन असेल ते माझ्या काउंटरवरून जातं.

२०२४ चा जुलै आठवतो. लाडकी बहीण योजनेचे फॉर्म नुकतेच सुरू झाले होते आणि दुकानाबाहेर सकाळी सातपासून बायकांची रांग असायची. वर पाऊस. त्या महिन्याच्या शेवटी पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली. अशाच एका सकाळी मागच्या गल्लीतल्या आक्का आल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, पिशवीत आधार कार्ड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. मी म्हटलं, “आक्का, नदी काय एवढ्यात आपल्यापर्यंत येत न्हाई, भिजलासा कुठं?”

“नदी कशाला येतीया,” आक्का म्हणाल्या, “गटार आलंय की घरात. अंगणवाडीच्या कोपऱ्यावर तुंबतंय आणि सगळं माझ्या सोप्यात. गटार मंजूर झालंय म्हणं, दोन वरसं झाली. मंजूर झालेलं गटार मला कुठं दिसंना.”

सर्व्हर अडकला होता, फॉर्म पुढं जात नव्हता. म्हणून त्या रिकाम्या पाच मिनिटांत मी ई-ग्रामस्वराजचं पान उघडलं. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाचं हे पोर्टल २०२० च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. त्यात राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडत गेलं की आपल्या ग्रामपंचायतीचा त्या वर्षाचा आराखडा दिसतो आणि वित्त आयोगाच्या पैशातून कुठल्या तारखेला, कुठल्या कामासाठी किती रक्कम दिली ते व्हाउचरनिशी दिसतं. त्यासाठी लॉगिन लागत नाही, पासवर्ड लागत नाही. मला हे पोर्टल माहीत होतं, पण तोपर्यंत मी ते स्वतःच्या गावासाठी कधी उघडलं नव्हतं. रोज शेकडो सरकारी पानं उघडणाऱ्या बाईनं स्वतःच्या गावाचं पान उघडलं नव्हतं, याची खंत मला आजही आहे.

आक्कांच्या गल्लीतलं बंदिस्त गटार तिथं होतं. काम पूर्ण. रक्कम अदा. तीन लाख चाळीस हजारांच्या आसपास.

मी स्क्रीन वळवून आक्कांना दाखवली. त्यांना वाचता येत नाही, आकडे कळतात. त्यांनी बोट ठेवून विचारलं, “हे आमचंच?” मी हो म्हटलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मग पैसं आलं हुतं. गेलं कुठं?”

माझा पहिला विचार हाच होता की याचा फोटो काढावा आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावा. टाकला असता तर तासाभरात दोनशे मेसेज आले असते, संध्याकाळपर्यंत दोन पार्ट्या पडल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा किती फूट. मी तो टाकला नाही. कारण सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

७ जून २०२३ ला कोल्हापुरात काय झालं ते इथल्या माणसाला सांगायला नको. मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहर पेटलं, दगडफेक झाली, इंटरनेट बंद झालं. माझं दुकान तेव्हा बंद होतं. उघडून करणार काय, नेटच नव्हतं. शटरला टेकून मी विचार करत बसले होते की ज्या फोनवर मी लोकांचे दाखले काढते, त्याच फोननं हे केलं. ते दिवस मी विसरलेले नाही. म्हणून न तपासलेली गोष्ट, रागाच्या भरात, ग्रुपवर टाकायची नाही हे मी स्वतःला तेव्हाच बजावलं होतं. पोर्टलवर ‘पूर्ण’ लिहिलंय म्हणजे चोरी झाली असं नव्हे. नोंद चुकीच्या कामावर पडलेली असू शकते, गटार दुसऱ्या गल्लीत झालेलं असू शकतं. आधी मोजायचं, मग बोलायचं.

रविवारी मोजलं. आक्कांचा दीर गवंडीकाम करतो, त्याच्याकडचा तीस मीटरचा टेप. मी, आक्का, त्यांची सून आणि अंगणवाडीच्या मदतनीस, आम्ही चौघी. टेपचं एक टोक आक्कांनी पायाखाली दाबून धरलं, पाऊस थांबलेला होता पण चिखल होता. देवळाच्या कोपऱ्यापासून गटार सुरू होतं. काँक्रीटचं, वर झाकणं, काम चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. ते पिठाच्या गिरणीपाशी संपतं. एकाहत्तर मीटर. गिरणीपासून अंगणवाडीपर्यंत, म्हणजे जिथं उतार आहे आणि पाणी तुंबतं तिथं, मातीची चर. दर दहा मीटरला फोटो काढला, त्यात काहीतरी न हलणारं दिसेल असं बघून: विजेचा खांब, गिरणीचं शटर, अंगणवाडीच्या भिंतीवरचा निळा हत्ती.

आता एकाहत्तर मीटर हा आकडा आपल्याकडं होता, पण मंजूर किती होतं? ते पोर्टलवर नव्हतं. ते असतं अंदाजपत्रकात आणि मोजमाप पुस्तकात. बिल निघायच्या आधी अभियंता जागेवर जाऊन मोजतो आणि ज्या वहीत लिहितो ती ही वही. सगळे तिला ‘एमबी’ म्हणतात. माझं मत असं झालंय की गावातला प्रत्येक हिशोब शेवटी याच वहीत येऊन थांबतो. फ्लेक्सवर काय लिहिलंय, भाषणात काय म्हटलं, काही अर्थ नाही. एमबीत काय आहे?

माहिती अधिकाराचा अर्ज मी लोकांना कितीतरी वेळा टाइप करून दिलाय, स्वतःचा पहिल्यांदा लिहिला. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. माणसं येतात ती तीन पानं घेऊन, त्यात सगळ्या जन्माचा संताप. मी त्यांना सांगते, मामा, ‘का’ विचारू नका, ‘प्रत द्या’ म्हणा. गटार अर्धवट का ठेवलं, याला उत्तर द्यायला कायद्यानं कुणी बांधलेलं नाही. अमुक कामाच्या अंदाजपत्रकाची, मोजमाप पुस्तकातल्या नोंदीची आणि पूर्णत्वाच्या दाखल्याची प्रत द्या, याला आहे. कागद दफ्तरात असेल तर तो द्यावा लागतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, अर्ज दिला आणि पोच घेतली.

पोचेबद्दल एक सांगू दे. पोच म्हणजे आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. ‘ठेवून जावा, करतो’ असं गोड बोलून माणसाला परत पाठवतात आणि आपणही संकोचून येतो. पोच घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. अगदी हसून, चहा घेऊन, पण पोच घेऊनच.

मधेच १५ ऑगस्टची ग्रामसभा आली. मी उठून विचारलं. एकानं आवाज चढवला, दुसऱ्यानं त्याच्यावर चढवला, माइक कुणाच्या हातात ते कळेना. “माहिती घेऊन सांगतो,” असं वरून उत्तर आलं आणि पुढचा विषय सुरू झाला. घरी येताना मला वाटलं, बरं झालं, विचारलं तरी. आठवड्यानं त्या सभेचं इतिवृत्त बघितलं तर त्यात माझा प्रश्नच नव्हता. ‘विविध विषयांवर चर्चा झाली.’ त्या एका ओळीनं मला जेवढं शिकवलं तेवढं कशानंच नाही.

त्याच रात्री वही सुरू केली. ऑनलाइन शीट, ज्यात मोबाइलवरूनही लिहिता येतं. आम्ही तिला ‘वही’च म्हणतो. तारीख, काय झालं, कुठल्या पदावरच्या माणसानं काय सांगितलं, कधीपर्यंतचा शब्द दिला, पुढं काय झालं, आणि फोटो. व्यक्तीचं नाव लिहायचं नाही, पद लिहायचं. विशेषण लिहायचं नाही. ‘निर्लज्ज’, ‘चोर’ असं कुणी लिहिलं तर मी काढून टाकते. ‘४ तारखेला येतो म्हणाले, आले नाहीत’ हे पुरेसं असतं, आणि त्यावर कुणी भांडायला येऊ शकत नाही. बघता सगळ्या गावाला येतं, लिहायचा अधिकार पाचजणींना. आणि एक नियम, जो माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा: दर सोमवारी संध्याकाळी एक ओळ पडलीच पाहिजे. काही झालं नसेल तर ‘काही झालं नाही’ असं लिहायचं.

सुरुवातीला बाकीच्या म्हणाल्या, हे कशाला? काही झालं नाही तर लिहायचं काय? मी म्हटलं, पावसाळ्यात पाणी स्थिर असलं तरी ‘पातळी स्थिर’ असं येतंच की नाही? न येता राहिलं तर आपण घाबरून फोन करतो. तसंच.

आमच्या कोल्हापूरला रस्त्यावर उतरायला कुणी शिकवायची गरज नाही. माझे वडील शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरोधी आंदोलनात शेवटपर्यंत होते. एन. डी. पाटील सरांमागून, पायांत ताकद नसताना चालायचे. गोविंद पानसरेही त्या लढ्यात होते. पेठापेठांतून, तालमींतून माणसं यायची, बायका यायच्या, आणि २०१५ सरता सरता टोल गेला. एवढ्या मोठ्या शहरानं एक गोष्ट नको म्हटली आणि ती घालवली, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्याचा मला अभिमान आहे. पण वडील एक गोष्ट शेवटी शेवटी पुन्हा पुन्हा म्हणायचे: मोर्चा संपला की माणूस घरी जातो, फाइल कचेरीतच असते. टोल गेल्यावर त्या रस्त्यांचं पुढं काय, कुणी दुरुस्त करायचे, कुठल्या पैशातून, हे विचारायला किती जण परत गेले? मोर्चाला हजारो लागतात आणि ते येतातही. परत जायला दोघं-तिघंच लागतात, पण ती दर आठवड्याला लागतात. ती दोघं-तिघं कुठं भेटत नाहीत.

वहीनं आम्हाला ती दोघं-तिघं दिली. कारण प्रत्येक सोमवारी सगळ्यांनी जावं लागत नाही. या आठवड्यात सून जाते, पुढच्या आठवड्यात मी. मागं काय बोलणं झालं ते वाचून जायचं. ग्रामपंचायतीत समोरचा माणूस बदलला, “मला काय माहीत नाही, आधीच्यांना विचारा” म्हणाला, तरी आमच्याकडं आधीच्यांचा शब्द तारखेसकट असतो.

माहितीचं उत्तर तीस दिवसांत आलं नाही. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पंचायत समितीत पहिलं अपील केलं. सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मोजमाप पुस्तक हातात घेतलं. कडा मळलेली, आत निळ्या शाईत आकडे. आमचं गटार: लांबी १२० मीटर. मी दोनदा वाचलं, मग आक्कांना हळू आवाजात सांगितलं. आक्का मोठ्यानं म्हणाल्या, “आमच्या टेपात एकाहत्तरच भरलंय, सायेब.” खोलीत कुणी काही बोललं नाही. साहेब चांगले होते. त्यांनी प्रत द्यायला सांगितली.

इथं एक गोष्ट जाता जाता. अर्ज-अपील करायच्या आधी सोमवारची वाट बघून बघा. राज्य सरकारनं २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये निर्णय काढलाय, जिल्ह्यातल्या सरकारी कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघायला मिळावेत म्हणून. फार थोड्यांना माहीत आहे. कधी कधी काउंटरपलीकडच्या माणसालाही नसतं, म्हणून त्या निर्णयाची प्रत मी दुकानात ठेवलेली असते आणि मागेल त्याला पैसे न घेता काढून देते.

आता भीतीचं. खोटं सांगत नाही, भीती वाटली. माझं दुकान गावावर चालतं. “कशाला नादाला लागतीस, उद्या दाखल्याला अडवतील,” असं नात्यातल्याच एकानं समजावलं. दोन ठरलेली गिऱ्हाइकं यायची थांबली, ती अजून आलेली नाहीत. एका पुढाऱ्यानं दुकानात येऊन, बसून, चहा घेऊन विचारलं, “ताई, आधी मला सांगायचं की, मी फोनवर करून दिलं असतं.” मी वही उघडून दाखवली. तीन महिन्यांपूर्वीची ओळ होती, त्यांनाच फोन केल्याची, वेळेसकट. ते काही न बोलता गेले. पण दहा दिवसांनी त्यांचाच फोन आला की अभियंता बघायला येतोय. मला त्यांचा राग नाही. हिशोब मागितला की माणूस शत्रू होतो असं आपल्याकडं धरून चालतात, ते मला मान्य नाही. ज्या दिवशी अभियंता आला, ती ओळही आम्ही वहीत तेवढ्याच ठळकपणे लिहिली. आमच्या ग्रामसेवकांकडं (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण तोंडात जुनंच येतं) दोन गावं आहेत. ते रात्री नऊपर्यंत कागद करत बसलेले मी बघितलेत. तेही लिहिलं.

२०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली. २० तारखेला मतदान होतं. आमच्या मतदारसंघातल्या सगळ्या उमेदवारांची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. मालमत्ता, कर्ज, खटले, शिक्षण, सगळं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळं ती आपल्याला बघता येतात. मी त्या पानाचा क्यूआर कोड छापून काउंटरवर लावला. एकाचंही नाव नाही, फक्त ‘सगळ्या उमेदवारांची माहिती इथं’. पोरं स्कॅन करायची, कुणाकडं किती तोळं सोनं यावर हसायची. एक रिटायर शिक्षक तात्या रोज पेपर वाचायला येतात, ते म्हणाले, “बाळ, सोनं किती हे वाचून मी काय करू? मागच्या पाच वर्षांत यांनी सभागृहात आपल्याबद्दल तोंड कितीदा उघडलं ते काढून दे.”

तात्यांचं बरोबर होतं. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाज असतं, लोकसभेचे प्रश्न संसदेच्या संकेतस्थळावर असतात, आणि पीआरएस ही संस्था खासदारांची हजेरी, त्यांनी विचारलेले प्रश्न, चर्चेतला सहभाग असं सगळं एकत्र ठेवते. आपल्या जिल्ह्याचे दहा आमदार आणि दोन खासदार. दोन दुपारी बसून मी आमच्यापुरतं काढलं आणि तात्यांना मोठ्या अक्षरात प्रिंट दिली. त्यांनी पेन घेऊन रेघा मारत वाचलं. कुठला प्रश्न कुणी विचारला, त्याला मंत्र्यांनी काय उत्तर दिलं. मग त्यांनी स्वतःच आमदारांना पोस्टकार्ड टाकलं. त्यात विषय एकच: तुमच्या अमुक तारखेच्या प्रश्नाला जे उत्तर मिळालं त्याचं पुढं काय झालं? त्याला उत्तर आलं. सही शिक्क्यासह. तात्यांनी ते लॅमिनेट करून घेतलंय.

गटाराकडं येते. खरं वळण महिला ग्रामसभेत मिळालं. आपल्याकडं ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच होते. शिपाई सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरवतो. २०२५ च्या २६ जानेवारीच्या आधी आम्ही ठरवलं की या वेळी सही घरी करायची नाही. मी वहीची सगळी पानं छापून काढली. ऑगस्टपासूनचे बावीस सोमवार. त्यातले चौदा ‘काही झालं नाही’. कागदावर एकाखाली एक चौदा वेळा तीच ओळ बघितली की पोटात कसंतरी होतं. त्या प्रती घेऊन आम्ही गल्लीत फिरलो. मला वाटलं दहाजणी येतील. आक्का दारात उभ्या राहून एकेकीला हाक मारत होत्या, “चल गं, मी बी जातो, तू बी चल.” चौतीस जणी आलो.

कुणी ओरडलं नाही. मी उभी राहून फक्त वाचत गेले. तारीख, शब्द, काही झालं नाही. तारीख, शब्द, काही झालं नाही. सरपंच बाई समोरच बसल्या होत्या. त्यांचाही चेहरा उतरला, आणि मला त्यांचं वाईट वाटलं, कारण त्या निवडून आल्या तेव्हा गटार आधीच ‘पूर्ण’ झालेलं होतं. त्यांनीच म्हटलं, ठराव लिहा. उरलेली लांबी त्याच ठेकेदाराकडून, त्याच रकमेत पूर्ण करून घ्यावी. सूचक आक्का. अनुमोदक मी. या वेळी आम्ही इतिवृत्तात ठराव लिहून, क्रमांक पडून, वाचून होईपर्यंत कुणी हललो नाही. कुणाच्या घरी जेवण व्हायचं होतं, कुणाचं पोर रडत होतं.

एप्रिलमध्ये काम सुरू झालं. गिरणीपासून पुढं तेहतीस मीटर झालं. म्हणजे एकशे चार. मग २०२५ ला पाऊस मे महिन्यातच उतरला, खड्डा पाण्यानं भरला आणि ठेकेदाराची माणसं गेली. जूनमध्ये आक्कांच्या सोप्यात पाणी आलं, पण घोट्यापर्यंत. पूर्वी गुडघ्यापर्यंत यायचं. अंगणवाडीची पोरं दारातून आत जाऊ शकली. शेवटचे सोळा मीटर राहिले ते राहिलेच. दिवाळीनंतर करतो म्हणाले. दिवाळी झाली. आता म्हणतात, त्या सोळा मीटरच्या मधे एकाची भिंत पुढं आलीय, मोजणी लागेल. भिंत खरंच पुढं आलीय, आम्ही मोजली, दोन फूट. पण एमबीत १२० लिहिताना ती तिथंच होती की. पंधराव्या वित्त आयोगाचा काळ ३१ मार्च २०२६ पर्यंतच आणि हा निधी त्यातलाच, म्हणून आम्ही या महिन्यात सोमवारबरोबर गुरुवारीही जातोय.

माझी बहीण शिवाजी पेठेत दिली आहे. तिनं हे सगळं बघून मागच्या महिन्यात मला बोलावून घेतलं. शहराचं दुखणं वेगळं होतं. महापालिकेची मुदत २०२० च्या नोव्हेंबरात संपली, त्यानंतर पाच वर्षांच्या वर नगरसेवकच नव्हते. पाण्याला, कचऱ्याला कुणाच्या दारात जायचं तेच माणसं विसरली. मग २०२६ च्या १५ जानेवारीला निवडणूक झाली, पण पूर्वी ८१ वॉर्डांत ८१ नगरसेवक होते, म्हणजे ‘आमचा नगरसेवक’ एकच. आता २० प्रभाग, आणि बहुतेक प्रभागांत चार-चार. बहीण म्हणाली, “चौघं आलेत हात जोडून. आता माझा कुठला?” मला वाटतं हा प्रश्न शहरातल्या प्रत्येकानं आत्ताच, पहिल्या सहा महिन्यांत सोडवून ठेवायला पाहिजे. नाहीतर एक दुसऱ्याकडं बोट दाखवेल, दुसरा तिसऱ्याकडं. आम्ही तिच्या गल्लीसाठी वही केली, त्यात ‘कुणी शब्द दिला’ याला चार रकाने घातले. चौघांनाही त्या वहीची लिंक पाठवली. दोघांनी उघडली आहे, आणि एकीनं स्वतःहून तारीख लिहिली, कोपऱ्यावरचा दिवा कधी लागणार त्याची. दिवा त्या तारखेला लागला. बहिणीनं फोटो टाकला.

आमच्या वहीत आता ऐंशीच्या वर ओळी झाल्यात. बऱ्याच ‘काही झालं नाही’. दिवाळीपासून मी एक बदल केला. आक्कांना लिहिता येत नाही म्हणून त्या पाचजणींत नव्हत्या, ते मला खटकायचं. आता फोनवर माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात. पहिल्यांदा त्यांनी बोलल्यावर स्क्रीनवर ओळ पळताना बघून आक्कांनी फोन लांब धरला. मग पुन्हा जवळ घेतला आणि म्हणाल्या, “हे मीच बोललो ते हाय?”

काल सोमवार होता. त्या दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या, पदर खोचला, फोन तोंडाजवळ धरला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या:

“सोळा मीटर ऱ्हायलंय. आज गेलो हुतो. सायेब नव्हतं. बेस्तरवारी परत जाणार.”

सायेबचं फोननं ‘साहेब’ केलं. बाकी मी काही बदललं नाही.